मार्कनॉयकिर्खेनची वाद्यपेठ

जर्मनीतील सॅक्सनी प्रांताच्या डोंगराळ सीमेवर वसलेल्या मार्कनॉयकिर्खेन नामक आडगावात, धर्मच्छळामुळे बोहेमियातून परागंदा झालेल्या बारा प्रॉटेस्टंट व्हायोलिनकारांनी १६७७ साली आपला संघ स्थापन केला, आणि पुढील दोन शतकांत त्या गावाची कीर्ती इतकी वाढली की अटलांटिकपलीकडचे व्यापारी खरेदीसाठी थेट तेथे जाऊन माल पारखू लागले. त्यांच्या बिजकांवर जकातीसाठी शिक्कामोर्तब करावयास अमेरिकेने १८९३ साली त्या चिमुकल्या गावी आपली वाणिज्य वकिलात थाटली. ती १९१६ पर्यंत टिकली.

मात्र या खरेदीदारांस रूढ अर्थाचा कारखाना तेथे क्वचितच दिसे. एका घरी केवळ माना कोरल्या जात आणि त्यांच्या अग्रभागीचा शंखाकृती वळसा सुरीने हळूहळू उतरविला जाई; दुसऱ्या घरी मेपलच्या फळ्यांचे पाट, तिसऱ्या घरी नुसत्या खुंट्या. हे सारे जुळवून, आत खुशाल विख्यात इटालियन व्हायोलिनकार स्ट्राडिव्हेरियसच्या नावाची चिठ्ठी डकवून (पेठेत हा उघड मामला होता!) माल रवाना होई. या व्यापारावर अडत्यांनी टोलेजंग हवेल्या उठविल्या, कारागीर मात्र उक्त्या मजुरीवर राबत राहिले. त्या वैभवाचा हिशेब न्याय्य होता, असे म्हणवत नाही.