लिंबूसत्वातले लिंबू

टोपलीच्या तळाशी राहिलेले लिंबू चार दिवसांनी हाताला मऊ लागते. त्यावर आधी पांढरी लव दिसते, मग हिरवी किंवा निळसर भुकटी. साल जिथे खरचटलेली असते तिथूनच बुरशी बहुधा आत शिरते. हिरवी ती पेनिसिलियम डिजिटाटम, निळी ती पेनिसिलियम इटालिकम. (मुले नाव ऐकून विचारतातच, पण पेनिसिलीन हे औषध या बुरश्यांपासून काढत नाहीत.)

यातल्या निळ्या बुरशीचे नामकरण कार्ल वेमर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९४ साली केले. त्याच्या आदल्याच वर्षी त्याने जाहीर केले होते, की साखरेच्या द्रावणावर वाढवलेल्या काही बुरश्या सायट्रिक आम्ल तयार करतात. हे आम्ल शेलेने १७८४ मध्ये लिंबाच्या रसातून वेगळे केले होते आणि अजूनही ते रसातूनच मिळवत. इटलीत रसात चुना घालून कॅल्शियम सायट्रेट काढत आणि देशोदेशी विकत. वेमरने कारखान्याचा प्रयत्न केला, पण तो फसला. आम्ल फार सावकाश बने आणि द्रावणात नको ते जंतू माजत.

१९१७ मध्ये अमेरिकेत जेम्स करी यांनी ही अडचण सोडवली. त्यांनी निवडलेली ॲस्परजिलस नायजर आपण कांद्याच्या सालीवर काळ्या भुकटीच्या रूपात पाहतो. ती खूप आंबट द्रावणातही वाढते, इतर जंतू मात्र तिथे टिकत नाहीत. युक्ती एवढीच: द्रावण सुरुवातीपासूनच आंबट ठेवायचे! महायुद्धाने इटलीचा पुरवठा विस्कळीत झालेला होताच. १९१९ मध्ये ब्रुकलिनच्या फायझर कंपनीने साखरेपासून हे आम्ल बनवायला सुरुवात केली आणि पुढच्या काही वर्षांत इटलीची मक्तेदारी संपली. पुस्तकांत हा शास्त्राचा विजय म्हणून येतो. सिसिलीतल्या लिंबू बागायतदारांचे काय झाले, हे तिथे क्वचितच वाचायला मिळते.

बुरशी पाळण्याचा हा अनुभव पुढे अनपेक्षित ठिकाणी उपयोगी पडला. मार्च १९४४ मध्ये याच कंपनीने ब्रुकलिनमधल्या एका जुन्या बर्फाच्या कारखान्यात १४ मोठ्या टाक्या बसवून पेनिसिलीन काढायला घेतले. जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या सैन्याजवळचे बरेचसे पेनिसिलीन तिथले होते.

आणि आज किराणा दुकानात ‘लिंबूसत्व’ म्हणून मिळणारे पांढरे खडे? तेही बहुतेक सारे त्या काळ्या बुरशीचेच.