बैल कुठे गेले?

पक्ष फुटला की चिन्ह कुणाचं, यावर हल्ली टीव्हीवर रात्र रात्र वाद चालतो. आधी धनुष्यबाण, मग घड्याळ. मला मात्र १९७१ सालची आमची आजी आठवते.

बडोद्यात दांडिया बाजारात आमचं बिऱ्हाड. आजी साताऱ्याकडची. पोथी वाचायची, पण गुजराती अक्षर तिला शेवटपर्यंत लागलं नाही. मतदानाला मात्र कधी अडलं नाही. १९५२ आणि १९५७ ला प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. बैलजोडीची पेटी बघून कागद टाकला की झालं. १९६२ ला शिक्का आला, तरी बैल होतेच.

१९६९ ला काँग्रेस फुटली. एकीकडे इंदिराबाई, दुसरीकडे निजलिंगप्पा आणि मोरारजीभाई. बैलजोडी दोघांनाही हवी. ११ जानेवारी १९७१ ला निवडणूक आयोगानं जगजीवनराम अध्यक्ष असलेली इंदिराबाईंची काँग्रेस खरी ठरवली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि मार्चच्या निवडणुकीत बैल कुणालाच मिळाले नाहीत. भागीदार भांडले की आम्ही बँकवाले खात्यावरचे व्यवहार थांबवतो, तसलाच प्रकार. इंदिराबाईंना गाय-वासरू मिळालं, समोरच्यांना चरखा चालवणारी स्त्री.

आमचे फत्तेसिंहराव महाराज संघटना काँग्रेसकडून, म्हणजे चरख्यावर उभे होते. मतदानाचं वय तेव्हा २१, माझं पहिलंच मत. आजीला मीच घेऊन गेलो. वाटेत तिनं विचारलं, "महाराज म्हणजे बैलच ना रे?"

मी नुसतं "हं" म्हटलं. बँकांच्या राष्ट्रीयीकरणानं भारावलेला कॉमर्सचा पोरगा मी, माझं मत गाय-वासराला होतं.

बाहेर आल्यावर आजी म्हणाली, "अरे, बैल कुठे गेले? गाय दिसली. म्हटलं, एकाच गोठ्यातली असणार. तिथेच मारला शिक्का."

घरी बाबांनी खरं काय ते सांगितलं. "महाराजांच्या विरुद्ध गेलं माझं मत?" एवढंच म्हणाली. त्या रात्री ती जेवली नाही. महाराज निवडून आले, पण तिची रुखरुख गेली नाही.

११ नोव्हेंबर १९७१ ला सुप्रीम कोर्टानं सादिक अली खटल्यात आयोगाचा निर्णय कायम केला. खासदार, आमदार आणि पक्षाच्या अखिल भारतीय समितीचे सभासद कुणाकडे जास्त, हे मोजणं योग्यच, असं ठरलं. चिन्ह ही वाटून घ्यायची मालमत्ता नव्हे, हेही कोर्टानं सांगितलं. निरक्षर मतदाराला आपला पक्ष ओळखता यावा, यासाठी ते असतं. शिवसेना आणि राष्ट्रवादीच्या वादांतही हाच निकाल पुढे आला.

निकाल वाचताना दरवेळी आजी डोळ्यांपुढे येते. चिन्ह तिच्यासारख्यांसाठी होतं, पण मोजणीत ती कुठेच नव्हती. पक्षांनी केलं ते केलं. त्या दिवशी तिला चिन्ह सांगणं माझ्या हातात होतं, आणि मी गप्प बसलो. तिला हे कधी सांगितलं नाही.

तुमच्या घरी १९७१ ला काय झालं होतं? आठवत असेल तर जरूर लिहा.