कर्करोगाचे निदान : दिंडोरी रस्त्यावरचा प्रश्न, बार्शीचे उत्तर

नाशिकहून दिंडोरीकडे निघाले की म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे आवार लागते. १९९८ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ राज्यातील वैद्यकीय शिक्षणाच्या परीक्षा घेते आणि पदव्या देते. रस्ता पुढे द्राक्षबागांमधून आदिवासीबहुल तालुक्यात शिरतो. डॉक्टर घडविणारी यंत्रणा आणि डॉक्टरांची वाट पाहणारी खेडी, दोन्ही एकाच रस्त्यावर!

कर्करोगतज्ज्ञ घडायला वेळ लागतो. एमबीबीएसची साडेचार वर्षे, आंतरवासितेचे एक, पदव्युत्तर शिक्षणाची तीन आणि अतिविशेष अभ्यासक्रमाची आणखी तीन, अशी ही साडेअकरा वर्षे. प्रवेश परीक्षांची तयारी व बंधपत्राची सेवा वेगळीच. असा तज्ज्ञ किरणोपचार यंत्र आणि विकृतिशास्त्र प्रयोगशाळा असेल तेथेच राहणार, म्हणजे शहरात. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. खरा प्रश्न, खेड्यातील बाईचा आजार वेळेवर ओळखायचा कोणी, हा आहे.

याचे उत्तर महाराष्ट्रानेच शोधले आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. गावांचे ५२ गट आणि ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रिया त्यात होत्या. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही विषाणूची तपासणी केवळ एकदाच झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या गटात ६४. पेशीतपासणी किंवा ॲसिटिक आम्लाच्या तपासणीने मात्र तेथे मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील अभ्यासाने दुसरी बाजू दाखविली. तेथे थोड्या मुदतीचे प्रशिक्षण घेतलेल्या, डॉक्टर नसलेल्या आरोग्यसेविकांनी सौम्य ॲसिटिक आम्ल लावून दर दोन वर्षांनी तपासणी केली. दोष असलेला भाग मिनिटभरात पांढरा पडतो व साध्या डोळ्यांना दिसतो. या उपायाने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. तुलनेसाठीच्या गटाला तपासणीविना ठेवणे नैतिक होते का, असा आक्षेप दोन्ही अभ्यासांवर घेतला गेला. तो गैरलागू म्हणता येणार नाही.

धोरण त्यानंतर बदलले. तीस वर्षांवरील नागरिकांची मुख, स्तन व गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी दर पाच वर्षांनी तपासणी करावी, अशा सूचना केंद्राने २०१६ मध्ये दिल्या. उपचारखर्चासाठी राज्यात २०१२ मध्ये सुरू झालेली जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. २०२३ मध्ये तिचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपये करण्याचा निर्णय झाला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची एचपीव्ही लसही त्याच वर्षी बाजारात आली. पण ही लस संसर्गापूर्वी द्यावयाची असते; आज चाळिशीत असलेल्या स्त्रीला तपासणीचाच आधार.

तपासणीत दोष आढळला, की खरी कसोटी लागते. कर्करोगपूर्व अवस्थेवर अतिशीत वायूने किंवा उष्णतेने करावयाचा उपचार काही मिनिटांचा असतो, संपूर्ण भूल लागत नाही. तो तपासणीच्याच दिवशी, त्याच ठिकाणी झाला नाही तर तिला पुन्हा यावे लागते, आणि द्राक्षतोडणीच्या हंगामात एक दिवसाचा खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी.