ढिवरांचा शिष्य

आयझॅक वॉल्टनने १६५३ साली मासेमारीवर पुस्तक लिहिले ते गळ टाकणाऱ्याच्या गप्पांतून. आम्हा नागपूरकरांना असा कान असलेला लेखक लाभला तो मूळचा सोलापूरचा, मारुती चितमपल्ली. वनखात्यात असताना नवेगावबांधच्या तलावाकाठी ते माधवराव पाटील डोंगरवारांकडून, ढिवरांकडून पाखरांची नावे शिकत. हुद्दा साहेबाचा, वृत्ती शिष्याची! ही नावे कागदावर नव्हतीच. म्हातारी माणसे गेली की तीही जायची. चितमपल्लींनी ती लिहून ठेवली. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’, बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ हे शब्दही मराठीत रुळले ते त्यांच्यामुळे. मला त्यांच्या पद्मश्रीपेक्षा हे मोठे वाटते. १८ जून २०२५ रोजी ते सोलापुरात वारले.