फिल हिल : एका गुणाचे जेतेपद

१० सप्टेंबर १९६१ रोजी मोंझाची शर्यत जिंकून फिल हिल हा मोटारशर्यतींचा पहिला अमेरिकन जगज्जेता ठरला. फेरारी संघातला त्याचा सहकारी वोल्फगांग फॉन ट्रिप्स तोवर चार गुणांनी पुढे होता. शर्यतीच्या आरंभीच झालेल्या अपघातात तो अनेक प्रेक्षकांसह मरण पावला. हिलला हे शर्यत संपल्यावर कळले. अंतिम तक्ता: हिल ३४, फॉन ट्रिप्स ३३. शोकान्तिकेत विजय आणि शोक यांच्यामध्ये निदान एक अंक तरी असतो. येथे तोही नव्हता. हिलने मित्राच्या शवपेटीला खांदा दिला. फेरारीने अमेरिकेतील शर्यतीतून माघार घेतल्याने मायदेशी जगज्जेता म्हणून धावणेही त्या वर्षी राहून गेले. १९६७ मध्ये निवृत्त झालेला हा चालक (मृत्यू २००८) पुढे जुन्या मोटारी आणि यांत्रिक पियानो दुरुस्त करीत राहिला.