समेची वाट पाहू नका

सप्टेंबर १९८३, टेक्सासमधलं फोर्ट वर्थ. चित्रपटकार शर्ली क्लार्कच्या चित्रीकरण-चमूत केबल गुंडाळायचं काम तुमच्याकडे आहे असं समजा. त्याशिवाय आत सोडणार कोण?

जाझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या हाती महापौर शहराची किल्ली ठेवतात. गंमतच आहे. याच गावात तो १९३० साली जन्मला, गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या दारांमध्ये वाढला. पुढे लुइझियानात त्याचं वाजवणं न रुचलेल्यांनी त्याला बडवलं, सॅक्सोफोनची वाट लावली. १९५९मध्ये न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबात तो पांढरा प्लास्टिकचा सॅक्सोफोन घेऊन उभा राहिला, तेव्हा जाणकारांतच जुंपली: हा द्रष्टा की भोंदू?

संध्याकाळी त्याचीच रचना, ‘स्काइज ऑफ अमेरिका’. एकीकडे शहराचा सिंफनी वाद्यवृंद, दुसरीकडे ऑर्नेटचा ‘प्राइम टाइम’: दोन गिटार, दोन बास, दोन ड्रमवादक. तुमचा कान सवयीनं सम शोधू लागतो. बैठकीत कितीही लांब गेलेला गवई परत येतोच, हा भरवसा हाडीमासी खिळलेला. इथं मात्र परतायचं ठिकाणच ठरलेलं नाही. मूळ सूर कुणा एकाच्या मालकीचा नाही, साथीला म्हणून कुणी मागे बसलेलं नाही. प्रत्येक जण एकाच वेळी आपापली चाल पुढे नेतोय. ऑर्नेट याला ‘हार्मोलोडिक्स’ म्हणतो. त्याची व्याख्या त्याच्या तोंडून ऐकाल तर आणखी गोंधळाल. वाजवताना ऐका.

आता दोनेक वर्षं पुढे, संकलनाच्या खोलीत या. ‘ऑर्नेट: मेड इन अमेरिका’ हा माहितीपट इथं आकाराला येतोय. क्लार्कबाई मूळच्या नर्तकी, त्यामुळे कात्री पायांच्या अंगानं चालते. व्हिडिओच्या करामतींचा त्यांचा सोस मला थोडा जास्तच वाटतो. पण साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांनीच टिपलेली जुनी रिळं बाहेर निघतात, तेव्हा पुढे सरकून बसा. ड्रमवर ऑर्नेटचा मुलगा डेनार्डो, कोवळा पोरगा. बापाच्या ध्वनिमुद्रिकेवर तो दहाव्या वर्षीच वाजवून गेला होता. पुष्कळांनी नाकं मुरडली होती. पुढच्या तुकड्यात तोच सत्तावीस वर्षांचा, सिंफनीसमोर. मग पुन्हा पोर, मग लहानपणीचा ऑर्नेट झालेला एक बालनट. आधी काय, नंतर काय, हे सांगणारा निवेदक नाही. काळालाही इथं सम दिलेली नाही.

शेजारचा साहाय्यक विचारतो, ‘‘हे सालवार लावायचं का?’’ तुम्ही मान हलवून नाही म्हणता.