समुद्राकडे पाठ

परवा अकोल्याला जुना अल्बम चाळताना आजोबांचा मुंबईतला एकुलता एक फोटो सापडला. मागे गेटवे, त्यामागे समुद्र. वऱ्हाडात असा फोटो बऱ्याच घरांत असतो, तुमच्याकडेही असेल.

आजोबा मात्र म्हणायचे, "मी काई समुद्र पाहाले नोहतो गेलो. आपल्या गाठी कुठं जातात, थे पाहाले गेल्तो."

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. अकोला-बडनेऱ्यावरून रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. गाठी मुंबईला जायच्या, तिथून जहाजाने लिव्हरपूलला. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ पासूनच होती. कुलाब्याला रचलेल्या गाठींचे त्या काळचे फोटो आजही पाहायला मिळतात. त्यांत कापूस दिसतो, पिकवणारा नाही.

पुढे आमच्या हाती कॅमेरा आला, तर आम्ही बंदराकडे पाठ करून उभे राहिलो!

कापसाचा बाजार नंतर कुलाब्याहून शिवडीकडे गेला. हार्बर लाईनवरच्या कॉटन ग्रीन स्टेशनात त्याचं नाव तेवढं उरलंय. पुढच्या खेपेला त्या पाटीचा फोटो काढणार आहे. तो आजोबांच्या फोटोशेजारी लावायचाय.